हाडाचे आणि लाकडाचे जुने जर्मन बुद्धिबळ संच : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली अनेक वर्षे मी हाडात आणि लाकडात कातलेले जुने जर्मन संच जमवीत आहे. नव्याने या वाटेला लागलेली मंडळी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे सविस्तर लिहिली आहेत. मोहऱ्याचे तोंड पाहण्याआधी त्याचे बूड पाहावे, ही एक सवय मला या छंदाने लावली. पुढच्या बऱ्याच उत्तरांत ती या ना त्या रूपाने येईल.

‘जर्मन संच’ म्हणजे नेमके कोणते?

जर्मनी हे एकसंध राष्ट्र १८७१ मध्ये झाले. त्याआधी तो प्रदेश राजे, ड्यूक आणि स्वतंत्र नगरे यांच्यात वाटलेला होता. त्यामुळे जर्मन भाषा बोलणाऱ्या प्रदेशातील कातारी लोकांनी आपापल्या गावच्या रिवाजाप्रमाणे घडवलेले संच, असा या शब्दाचा अर्थ संग्राहक घेतात. ऑस्ट्रिया आणि बोहेमिया या शेजारच्या प्रदेशांतील संचांशी त्यांचे इतके साम्य असते की, काही वेळा सीमारेषा ओढणे अशक्य होते. अशा वेळी ‘मध्य युरोपीय’ एवढेच म्हणणारा विक्रेता मला ठामपणे एका शहराचे नाव सांगणाऱ्यापेक्षा अधिक विश्वासार्ह वाटतो.

‘सेलेनस’ घडणीचे संच म्हणजे काय, आणि हे नाव कोठून आले?

ब्राउनश्वाइग-ल्यूनेबुर्ग घराण्यातील ड्यूक ऑगस्ट (१५७९–१६६६) याने १६१६ मध्ये लाइपझिग येथे बुद्धिबळावर एक मोठा ग्रंथ छापला आणि त्यावर स्वतःच्या नावाऐवजी ‘गुस्टावुस सेलेनुस’ हे टोपणनाव घातले. ‘आउगुस्टुस’ या लॅटिन नावाची अक्षरे फिरवून लावली की ‘गुस्टावुस’ तयार होते, कारण त्या काळच्या लॅटिन लेखनात ‘यू’ आणि ‘व्ही’ ही अक्षरे एकच मानली जात. ‘सेलेने’ ही ग्रीकांची चंद्रदेवता, आणि ल्यूनेबुर्ग या नावात चंद्राचा लॅटिन शब्द ‘लूना’ ऐकू येतो. म्हणून आडनावही घराण्यावरूनच बेतलेले आहे. याच ड्यूकने १६२४ मध्ये गुप्तलेखनावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला, हे कळले की नावाची ही गुंफण त्याच्या आवडीचीच होती हे पटते. वोल्फेनब्युटेल येथील त्याचे ग्रंथालय आजही त्याच्या नावाने चालते.

त्याच्या बुद्धिबळाच्या ग्रंथातील ताम्रपटचित्रांत जे मोहरे दिसतात, ते बारीक दांड्याचे आणि एकावर एक मुकुट रचल्यासारखे आहेत. पुढच्या काळात जर्मन प्रदेशात हीच घडण अधिकाधिक नाजूक होत गेली, आणि संग्राहकांनी त्या सबंध परंपरेला ग्रंथकर्त्याचे टोपणनाव दिले. सतराव्या शतकातील अस्सल संच बाजारात क्वचितच दिसतो. विक्रीला येतात ते बहुतेक अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातले आणि एकोणिसाव्या शतकातले असतात.

असा मोहरा हातात घेतला की आधी त्याच्या हलकेपणाचे नवल वाटते. रुंद बूड, त्यावर पेन्सिलीएवढा दांडा, दांड्यावर फुलाच्या पाकळ्यांसारख्या कातरलेल्या झालरी, आणि शेंड्याला एक टोकदार कळी. झालरीची कड उजेडासमोर धरली, तर हाड कागदासारखे अर्धपारदर्शक दिसते. लेथवर इतकी पातळ कड न तुटता निघावी, यासाठी कारागिराचा हात किती स्थिर असला पाहिजे, याचा अंदाज मला अजूनही पुरता येत नाही.

या संचांत कोणता मोहरा कोणता, हे कसे ओळखावे?

सेलेनस घडणीत मोहऱ्याचा दर्जा उंचीवरून आणि झालरींच्या संख्येवरून ठरतो. सर्वांत उंच आणि सर्वाधिक झालरींचा तो राजा, त्याहून किंचित कमी तो आपला वजीर, आणि त्याखालोखाल उंट. हत्तीच्या जागी शेंड्यावर लहानसा बुरूज असतो. घोडा तेवढा दांड्यावर बसवलेल्या कोरीव घोडामुखामुळे लगेच ओळखू येतो. राजा आणि वजीर यांची अदलाबदल मात्र जाहिरातींच्या छायाचित्रांत सर्रास झालेली दिसते.

जर्मन नावे लक्षात ठेवली, तर घडणही लवकर समजते. आपल्या हत्तीला तेथे ‘टुर्म’ म्हणजे मनोरा म्हणतात, उंटाला ‘लॉयफर’ म्हणजे धावणारा, घोड्याला ‘श्प्रिंगर’ म्हणजे उडी मारणारा, आणि प्याद्याला ‘बाउअर’ म्हणजे शेतकरी. त्यामुळे या संचांत सोंड शोधण्यात अर्थ नाही.

हे संच कोणत्या गावांत घडत?

न्यूरेंबर्ग हे कातकामाचे आणि खेळण्यांच्या व्यापाराचे फार जुने केंद्र होते. श्वाबेनमधील गाइस्लिंगन हे गाव हाड आणि हस्तिदंत कातण्यासाठी प्रसिद्ध होते. उल्म आणि स्टुटगार्ट यांच्या दरम्यानच्या घाटाच्या पायथ्याशी असल्यामुळे तेथे थांबणाऱ्या प्रवाशांना डब्या, सुया ठेवण्याच्या नळ्या आणि खेळांचे मोहरे विकले जात. ओडेनवाल्डमधील एरबाख येथे काउंट फ्रान्झ पहिला याने १७८३ मध्ये हस्तिदंताचे कोरीव काम रुजवले. लाकडासाठी एर्झगेबिर्गे या डोंगराळ भागाचे नाव घ्यावे लागते. तेथील सायफेन गावात लाकडाची गोल कडी अशी कातत की, तिच्या फोडी केल्यावर प्रत्येक फोडीत प्राण्याची आकृती तयार मिळावी. ही करामत बुद्धिबळाच्या घोड्यांसाठी नव्हती, पण त्या भागातील कातकामाची पातळी तिच्यावरून कळते.

एवढे सांगून एक इशारा देणे भाग आहे. या संचांवर कारागिराची सही किंवा छाप जवळजवळ कधीच नसते. गावाचे नाव तुलनेवरून ठरते, आणि तुलना चुकू शकते.

हाड आणि हस्तिदंत यांतील फरक घरी कसा ओळखावा?

दहा पट मोठे दाखवणारे भिंग आणि तिरपा प्रकाश एवढे पुरे. हाड जिवंत असताना त्यातून रक्तवाहिन्यांच्या सूक्ष्म नळ्या गेलेल्या असतात. कातल्यानंतर त्या नळ्या उघड्या पडतात, आणि वर्षानुवर्षांचा मळ त्यांत बसतो. म्हणून दांड्याच्या बाजूने पाहिल्यास बारीक, तुटक, तपकिरी रेषा दिसतात, तर बुडाच्या आडव्या छेदावर सुईने टोचल्यासारखे ठिपके दिसतात. हस्तिदंतात असे ठिपके नसतात. त्याच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची नाजूक जाळी असते. या रेषा दाताच्या बाहेरच्या भागात जो कोन करतात, तो हत्तीच्या दातात साधारणपणे ११५ अंशांहून मोठा आणि मॅमथच्या दातात ९० अंशांहून लहान असतो. ही जाळी उभ्या बाजूने दिसत नाही, यासाठीच मोहरा उलटा करून बूड पाहावे लागते.

सेल्युलॉइडच्या नकलेत रेषा असतात, पण त्या समांतर आणि यंत्राने आखल्यासारख्या एकसारख्या असतात. अतिनील दिव्याखाली हाड आणि हस्तिदंत दोन्ही निळसर पांढरे चमकतात. त्यामुळे तो दिवा प्लॅस्टिक वेगळे काढतो, या दोघांना एकमेकांपासून वेगळे करत नाही.

तापवलेली सुई टोचून पाहण्याचा सल्ला काही जण आजही देतात. कृपया तसे करू नये. त्यातून कळते ते भिंगानेही कळते, आणि पडलेला डाग कायमचा राहतो. मी स्वतः एका लिलावातून ‘हस्तिदंताचा’ म्हणून घेतलेल्या संचातील आठ प्याद्यांच्या बुडांवर असे आठ काळे ठिपके आहेत. त्यांच्या शेजारी हाडाच्या नळ्यांची तोंडे स्वच्छ दिसतात. आठव्या प्याद्यालाही सुई टोचण्याची गरज कोणाला का वाटली असेल, हा विचार तो खण उघडला की मनात येतोच.

हाडाचा मोहरा अनेक तुकडे जोडून का केलेला असतो? तो दोष आहे का?

तो दोष नाही, ती त्या द्रव्याची गरज आहे. या कामासाठी प्रामुख्याने गुरांच्या पायाची लांब हाडे वापरत. ती आधी उकळून त्यांतील चरबी काढावी लागे, कारण राहिलेली चरबी पुढे पिवळे डाग पाडते. अशा हाडाची भिंत बोटभरही जाड नसते, आणि मधली जागा पोकळ असते. म्हणून बूड, दांडा, झालरी आणि शेंडा हे भाग निरनिराळ्या तुकड्यांतून कातून आट्यांनी एकमेकांत बसवत. बुडाची पोकळी हाडाच्याच गोल चकतीने बुजवत. ही चकती किंचित वेगळ्या छटेची दिसते, आणि हाडाची खूण म्हणून ती भिंगापूर्वीच डोळ्यांत भरते.

हे आटे हाताने पाडलेले असत. त्यामुळे एका मोहऱ्याचा शेंडा दुसऱ्याच्या दांड्यावर अनेकदा नीट बसत नाही. सर्व शेंडे एकाच वेळी उघडून ठेवू नयेत. एक उघडावा, पाहावा, परत बसवावा आणि मगच दुसरा घ्यावा. आटा अडला तर जोर लावण्याऐवजी तो तसाच सोडून द्यावा, कारण जुने हाड आट्याच्या कडेला उभे चिरते.

लाकडी संचांत कोणते लाकूड असते, आणि त्यावरून वय कळते का?

पांढऱ्या बाजूसाठी बॉक्सवुड, मेपल किंवा फळझाडांचे लाकूड वापरलेले दिसते. काळ्या बाजूसाठी खरे आबनूस महाग पडे, म्हणून नाशपातीचे लाकूड काळे रंगवत. त्याचा पोत इतका बारीक असतो की रंगवल्यावर ते आबनुसासारखे भासते. बुडाची कड जेथे उडाली असेल, तेथे आतून तांबूस तपकिरी लाकूड दिसले तर ते रंगवलेले आहे असे समजावे.

वयासाठी मी व्हर्नियर कॅलिपर वापरतो. लाकूड वाळताना सर्व दिशांनी सारखे आटत नाही. वर्षवलयांच्या वळणाच्या दिशेने ते जितके आटते, त्याच्या साधारण निम्मेच ते गाभ्याकडून सालीकडच्या दिशेने आटते. त्यामुळे लेथवरून अगदी गोल उतरलेले बूड काळाच्या ओघात किंचित लंबगोल होते. सुमारे ३ सेंटिमीटर व्यासाच्या बुडात हा फरक काही दशांश मिलिमीटरचा असतो. डोळ्याला तो दिसत नाही, कॅलिपरला दिसतो. बूड तंतोतंत गोल निघाले, तर मी दोनदा विचार करतो. उलट बाजूही सांगायला हवी : ओल्या लाकडातून गेल्या वर्षी कातलेला मोहराही लंबगोल होतो. म्हणून या मापाला साक्षीदार मानावे, न्यायाधीश मानू नये.

घोड्यांकडे अधिक वेळ द्यावा. बाकी सर्व मोहरे लेथवर होतात, घोड्याचे मुख मात्र चाकूने कोरावे लागते, आणि तेथे माणसाचा हात उघड होतो. चारही घोडे शेजारी ठेवून कानांची ठेवण, आयाळीच्या रेघांची संख्या आणि नाकपुडीचा छेद पाहावा. एकाच हातचे घोडे एकमेकांशी भावंडांसारखे जुळतात, पण हुबेहूब सारखे कधीच नसतात. चारही तंतोतंत सारखे असतील तर ते यंत्राने कोरलेले आहेत.

एक बाजू लाल का असते? मळ निघावा म्हणून संच धुतला तर चालेल का?

हाड काळे रंगवण्यापेक्षा लाल रंगवणे सोपे जाई, आणि दिव्याच्या उजेडात लाल व पांढरे लगेच वेगळे ओळखू येत. ब्राझीलवुड या लाकडापासून किंवा कोचिनीअल किड्यापासून निघणारे रंग त्यासाठी वापरत. हे रंग उजेडाने उडतात. खिडकीजवळ ठेवलेला मोहरा एका अंगाने गुलाबी आणि दुसऱ्या अंगाने गडद झालेला आढळतो.

धुणे पूर्णपणे टाळावे. सुरुवातीच्या दिवसांत मी एक लाल उंट कोमट साबणाच्या पाण्यात बुडवला. मिनिटाभरात वाटीतले पाणी गुलाबी झाले. मी तो घाईने बाहेर काढला, पण तो उंट आजही आपल्या जोडीदारापेक्षा दोन छटांनी फिकट आहे, आणि तो दोष माझाच आहे. आता मी कोरड्या मऊ कुंचल्याने धूळ झाडतो. अगदीच गरज पडली तर कापसाचा बोळा जेमतेम ओलसर करून पांढऱ्या मोहऱ्याच्या बुडावर आधी पाहतो आणि लगेच कोरडे पुसतो. लाल भागाला ओलावा लागू देत नाही. ब्लीच, लिंबू, खाण्याचा सोडा आणि टूथपेस्ट यांपैकी काहीही वापरू नये. हाडाचा मधासारखा पिवळसरपणा म्हणजे मळ नव्हे, आणि तो घालवला की संचाचे मोलही जाते.

एखादा मोहरा बदललेला किंवा दुरुस्त केलेला असेल तर संच घ्यावा का?

घ्यावा, मात्र विक्रेत्याने ते सांगितलेले असावे. इतके नाजूक मोहरे शंभर-दीडशे वर्षे खेळात असतील, तर काही शेंडे तुटणारच. ३२ पैकी एकही झालर उडालेली नाही अशा संचाने मला आनंदापेक्षा काळजी अधिक वाटते. बदललेला मोहरा ओळखण्यासाठी सर्व मोहरे उलटे करून एका रांगेत ठेवावेत. बुडांच्या कातण्याच्या रेघा, चकतीची छटा आणि झीज यांत जो वेगळा असेल तो लगेच दिसतो. जुनी सरसाची दुरुस्ती चालते, कारण ती उलटवता येते. झटपट चिकटणाऱ्या आधुनिक गोंदाची दुरुस्ती चालत नाही, कारण पुढचा तोड त्या जोडाच्या शेजारी होतो आणि चांगले हाड आणखी जाते.

नव्या नकला कशा ओळखाव्यात?

आज जगभर विकल्या जाणाऱ्या जुन्या घडणीच्या प्रतिकृतींचा मोठा वाटा अमृतसरच्या कारखान्यांत घडतो, आणि त्यांतील कित्येक उंटाच्या हाडाच्या असतात. ते काम चांगले असते, आणि नवे म्हणून विकले जाते तेव्हा त्यात काहीच वावगे नाही. अडचण होते ती दोन-तीन हात बदलून, चहाच्या पाण्यात बुडवून तेच ‘एकोणिसावे शतक’ म्हणून परत येते तेव्हा. खरी झीज जेथे बोटे लागतात तेथे असते, म्हणजे दांड्याच्या मध्यावर आणि बुडाच्या कडेवर. झालरींच्या खालच्या कोनात बोट पोहोचत नाही, म्हणून तेथे मळ साचतो आणि कड तीक्ष्ण राहते. बुडवून रंगवलेल्या मोहऱ्यावर छटा सगळीकडे सारखी असते, आणि तुटलेल्या जागेच्या आतही पिवळी असते.

ही घडण मागे का पडली?

सुंदर मोहरे सहज कलंडतात, आणि घड्याळाच्या धाकाने खेळणाऱ्याला ते परवडत नाही. १८४९ मध्ये इंग्लंडमध्ये नॅथॅनिएल कुक याच्या नावावर नोंदलेली, जॅक्स या लंडनच्या कारखान्याने बनवलेली स्टाउंटन घडण ठेंगणी, जड आणि ओळखायला सोपी होती. १८५१ ची लंडनची स्पर्धा ब्रेस्लाउच्या अडोल्फ आंडरसेनने जिंकली. १८७७ मध्ये जर्मन बुद्धिबळ संघटना लाइपझिग येथे स्थापन झाली. खेळ दिवाणखान्यातून स्पर्धेत गेला तसे जर्मन कातारीही स्टाउंटनकडे वळले, तरी दांड्यांत आणि घोड्यांच्या मुखात त्यांनी बराच काळ आपली ढब टिकवली. हे मधल्या काळातले लाकडी संच अजून तुलनेने स्वस्त मिळतात, आणि त्यांच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

या वाटेच्या दुसऱ्या टोकाला योझेफ हार्टविगचा संच उभा आहे. त्याने १९२३–२४ मध्ये वायमारच्या बाउहाउस या कला-विद्यालयात लाकडी ठोकळ्यांचे असे मोहरे केले की, मोहऱ्याच्या आकारावरूनच त्याची चाल कळावी : उंटाला तिरका छेद, घोड्याला काटकोन. मूळ प्रती संग्रहालयांतच पाहाव्यात.

कायद्याच्या दृष्टीने काय सांभाळावे?

गुरांच्या हाडावर वन्यजीव व्यापाराची बंधने नाहीत, हस्तिदंतावर मात्र आहेत. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील १९८६ आणि १९९१ च्या दुरुस्त्यांनी हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. ब्रिटनचा हस्तिदंतविषयक कायदा जून २०२२ पासून लागू आहे, आणि युरोपीय संघानेही त्याच वर्षी नियम फार कडक केले. म्हणून परदेशातून संच मागवताना पावतीवर ‘गुराचे हाड’ असे स्पष्ट लिहून घ्यावे, आणि बुडाच्या ठिपक्यांचे जवळून घेतलेले छायाचित्र सोबत ठेवावे. संचात एकच मोहरा हस्तिदंताचा बदली बसवलेला असला, तरी सबंध संच अडकू शकतो. शंभर वर्षांहून जुनी वस्तू भारतातून पुन्हा बाहेर नेणे हा १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचा विषय होतो, त्यामुळे आयातीची कागदपत्रे फेकू नयेत.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हे संच कसे जपावेत?

संग्रहालये साधारणपणे ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता राखतात. आपल्याकडे आषाढ-श्रावणात ती ८० टक्क्यांच्या वर जाते, त्यामुळे हाडावर बुरशी आणि लाकडात भुंगेरे असे दोन्ही शत्रू एकदम येतात. घट्ट झाकणाच्या डब्यात आम्लविरहित कागद, सिलिका जेलची पुडी आणि लहान आर्द्रतामापक ठेवावा. पुडी दर पंधरा दिवसांनी तापवून कोरडी करावी. डब्यातली हवा अचानक फार कोरडी झाली तर हाड चिरते, म्हणून आर्द्रता हळूहळू उतरू द्यावी. लाकडी मोहऱ्याखाली पिठासारखी भुकटी दिसली, तर तो त्याच दिवशी वेगळा ठेवावा.

असे संच प्रत्यक्ष कोठे पाहता येतात?

न्यूरेंबर्गचे जर्मनिक राष्ट्रीय संग्रहालय, म्युनिकचे बव्हेरियन राष्ट्रीय संग्रहालय आणि एरबाखचे हस्तिदंत संग्रहालय ही नावे प्रथम घ्यावीत. परंतु एकाच ठिकाणी जाणे शक्य असेल, तर मी हाल्बरश्टाटजवळच्या श्ट्रोबेक या गावी जाण्यास सांगेन. १०११ च्या सुमारास मनोऱ्यात कैदेत असलेल्या एका सरदाराने पहारेकरी गावकऱ्यांना हा खेळ शिकवला, अशी तेथील आख्यायिका आहे. तिची सत्यता बाजूला ठेवली, तरी १६५१ मध्ये ब्रांडेनबुर्गचा इलेक्टर (सम्राट निवडण्याचा हक्क असलेला राज्यकर्ता) फ्रीडरिश विल्हेल्म याने गावाला पट भेट दिला हा इतिहास आहे, आणि १८२३ पासून तेथील शाळेत बुद्धिबळ शिकवले जात आले आहे. सेलेनसच्या ग्रंथातही या गावाचा उल्लेख आहे. त्या पटाच्या मागच्या बाजूला बारा गुणिले आठ घरांच्या जुन्या ‘कुरिअर’ खेळाचा पट आहे.

पहिला संच कोणता घ्यावा?

सेलेनसपासून सुरुवात करू नये. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, नाशपातीच्या लाकडाचा, खेळून झिजलेला, एखाद-दुसरा मोहरा बदललेला साधा संच घ्यावा, आणि वर्षभर त्याच्याशी खरोखर खेळावे. कॅलिपर, भिंग आणि एक वही जवळ ठेवावी. प्रत्येक मोहऱ्याची उंची, बुडाचे दोन व्यास आणि दिसलेली खूण त्या वहीत उतरवावी. माझ्या पहिल्या वहीत सतराव्या मोहऱ्यापाशी, म्हणजे एका काळ्या प्याद्यापाशी, ‘बूड वेगळे, रेघा उलट्या दिशेने’ एवढीच नोंद आहे. ते प्यादे दुसऱ्या कोणा डावखुऱ्या कातारीच्या हातचे असावे, असे मला वाटते, आणि मी ते अजून बदललेले नाही.